संकेतस्थळ आणि संकेत : स्वतंत्र लेखन, प्रसिद्धी आणि संबोधित वाचक

१

मराठी समीक्षेने लेखकाचा विचार पुष्कळ केला, संहितेचा केला आणि गेल्या काही दशकांत वाचकाचाही केला. परंतु लेखक आपल्या वाचकापर्यंत स्वतः कसा पोहोचतो, त्यासाठी कोणती खटपट करतो आणि त्या खटपटीचा त्याच्या लेखनावर काय परिणाम होतो, हा प्रश्न तिने सहसा आपल्या कक्षेबाहेर ठेवला. याची दोन कारणे संभवतात. एक म्हणजे, मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथाने दृढ केलेली कलेच्या स्वायत्ततेची भूमिका. या भूमिकेतून पाहता वर्गणी, जाहिरात, वितरण या बाबी साहित्यकृतीच्या घडणीला बाह्य ठरतात. दुसरे कारण नैतिक स्वरूपाचे आहे. प्रसिद्धीपराङ्मुखता हा आपल्याकडे लेखकाचा गुण मानला जातो. स्वतःच्या लेखनाची स्वतःच जाहिरात करणाऱ्याकडे आपण काहीशा संशयाने पाहतो.

या दोन्ही भूमिकांना अडचणीत आणणारा एक लेखनप्रकार गेल्या दोन दशकांत रूढ झाला आहे. कोणत्याही वृत्तपत्राचा, प्रकाशनसंस्थेचा वा विद्यापीठाचा आधार न घेता स्वतःचे संकेतस्थळ चालविणारा लेखक हा त्या प्रकारचा कर्ता होय. तो लिहितो, संपादन करतो, मुद्रितशोधन करतो, पानाची मांडणी ठरवितो, आणि लेख प्रसिद्ध झाल्यावर तो चार लोकांनी वाचावा यासाठी पुन्हा स्वतःच धडपडतो. प्रसिद्धीची जबाबदारी येथे दुसऱ्या कोणावर सोपविता येत नाही. त्यामुळे तिला लेखनाच्या बाहेर ठेवणेही शक्य होत नाही.

या लेखनप्रकाराला मराठीत मिळालेली नावे विचार करावयास लावणारी आहेत. 'ब्लॉग' या शब्दासाठी 'अनुदिनी' आणि 'जालनिशी' असे पर्याय सुचविले गेले. दोन्ही शब्द रोजनिशीकडे बोट दाखवितात. परंतु रोजनिशीचा निदान औपचारिक संकेत असा, की ती दुसऱ्याने वाचावयाची नसते. स्वतंत्र संकेतस्थळावरील लेखन मात्र पहिल्या शब्दापासून दुसऱ्या कोणाला उद्देशून असते. या लेखनाचे पूर्वज रोजनिशीत शोधण्यापेक्षा मराठीतील एकहाती नियतकालिकांत शोधावेत, असे या लेखात सुचवावयाचे आहे.

'संकेतस्थळ' हा शब्द अधिक अर्थगर्भ आहे. तांत्रिक संज्ञा म्हणून तो रुळण्यापूर्वी काव्यशास्त्राला तो परिचित होता. अभिसारिका ज्या जागी जावयाची ती जागा म्हणजे संकेतस्थळ. त्या जागेला महत्त्व येते ते दोघांमध्ये आधी ठरलेल्या संकेतामुळे. संकेतस्थळी जाऊनही प्रियकर न भेटलेल्या नायिकेला शास्त्राने 'विप्रलब्धा' म्हटले. स्वतंत्र संकेतस्थळ चालविणाऱ्या लेखकाची बहुतेक दिवसांची अवस्था या नायिकेहून फारशी वेगळी नसते. प्रश्न असा, की त्याच्यात आणि वाचकात काही संकेत ठरला होता काय, आणि ठरला असल्यास तो कोणत्या प्रकारचा?

२

या प्रश्नाचा विचार करताना जेरार जेनेत यांनी १९८७ साली मांडलेली एक संकल्पना उपयोगी पडते. ग्रंथाचे शीर्षक, प्रस्तावना, अर्पणपत्रिका, मलपृष्ठावरील मजकूर, जाहिरात, लेखकाच्या मुलाखती या सर्वांना मिळून त्यांनी जी संज्ञा दिली, तिला मराठीत 'परिसंहिता' म्हणता येईल. परिसंहिता हा संहितेचा उंबरठा होय. वाचक आत यावा, आणि विशिष्ट अपेक्षा घेऊन यावा, यासाठी ती असते. जेनेत यांच्या विवेचनात या उंबरठ्याची जबाबदारी लेखक आणि प्रकाशक यांच्यात विभागलेली आहे. एकहाती नियतकालिकात ही विभागणी जवळजवळ संपते. उंबरठा आणि घर एकाच हाताने बांधले जाते. म्हणून अशा नियतकालिकांत परिसंहिता वारंवार संहितेत शिरताना दिसते. तीन उदाहरणे पाहू.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ च्या जानेवारीत सुरू झाली आणि १८८१ पर्यंत तिचे ८४ अंक निघाले. तीतील जवळजवळ सर्व मजकूर शास्त्रीबोवांनी एकट्याने लिहिला. या काळात बहुतांश ते सरकारी शिक्षक होते. नोकरीचा राजीनामा त्यांनी १८७९ मध्ये दिला. मालेचा पहिला निबंध मराठी भाषेच्या सद्यस्थितीवर आहे, आणि पुढे 'वाचन' हाही एका निबंधाचा विषय झाला आहे. हा क्रम सहज घडलेला नाही. इंग्रजी शिकलेला, मराठी ग्रंथांकडे पाठ फिरविलेला तरुण हा मालेला अभिप्रेत असलेला वाचक होता; आणि तो तयार स्वरूपात कोठेही उपलब्ध नव्हता. आपली माला कोणी आणि का वाचावी हे सांगणे, म्हणजेच ज्याला आज आपण प्रसिद्धी म्हणू ते कार्य, 'निबंधमाले'त निबंधाचा विषय बनून येते. शास्त्रीबोवांचा आवेश, उपरोध, प्रतिपक्षाला समोर उभा करून बोलण्याची धाटणी या शैलीविशेषांचा उगम त्यांच्या व्यक्तिमत्त्वात आहे, तसा या गरजेतही आहे. वाचक मिळवावयाचा असल्याने त्यांचे वाक्य सतत संबोधनाच्या पवित्र्यात उभे राहते.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रांचे. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झाले, त्या वेळी 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास नकार दिला, ही हकीकत सर्वज्ञात आहे. प्रसिद्धी हा साहित्यबाह्य, तटस्थ व्यवहार आहे असे मानणाऱ्यांनी या नकाराचा विचार करावयास हवा. कोणाच्या शब्दाला उंबरठा मिळावा आणि कोणाच्या नाही, याचा निर्णय त्या व्यवहारात होत होता. पुढे १९२७ मध्ये निघालेल्या 'बहिष्कृत भारता'ची आर्थिक ओढाताण इतकी होती, की संपादकाला एकट्याने रकानेच्या रकाने भरून काढावे लागत. १९२८ मधील 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' हा अग्रलेख या ओढाताणीविषयीच आहे. वरवर पाहता हे वर्गणीदारांना केलेले आवाहन. पण शीर्षकातील 'ऋण' हा शब्द पाहावा. पत्र आणि वाचक यांच्या संबंधाला येथे नैतिक रूप दिले आहे. वाचक हा ग्राहक राहत नाही. तो एका सामाजिक कार्याचा ऋणको होतो, आणि ते ऋण फेडण्याची भाषा त्याच्याशी बोलली जाते. वर्गणीच्या मागणीतून एवढा मोठा आशय उभा राहू शकतो, याची दखल आपल्या निबंधवाङ्मयाच्या इतिहासाने पुरेशी घेतलेली नाही.

तिसरे उदाहरण रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' या मासिकाचे. जुलै १९२७ पासून नोव्हेंबर १९५३ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षांहून अधिक काळ, हे मासिक चालले. शेवटचा अंक निघाला तेव्हा संपादकाचे निधन होऊन महिना लोटला होता. कर्व्यांनी १९२१ पासून संततिनियमनाचे केंद्र चालविले होते आणि त्या मतांपायी त्यांना प्राध्यापकाच्या नोकरीस मुकावे लागले होते. 'समाजस्वास्थ्या'त वाचकांचे प्रश्न आणि त्यांना संपादकाने दिलेली उत्तरे यांना मोठे स्थान आहे. हे प्रश्न विचारण्याची दुसरी जागा त्या वाचकाला नव्हती. घरात, शाळेत, वैद्याकडेही जे उच्चारता येत नव्हते ते तो पत्रातून कर्व्यांना विचारीत असे. अशा रीतीने मासिकाचा वाचक त्याच्या मजकुराचा सहकर्ता झाला. १९३४ च्या खटल्यात अशा प्रश्नोत्तरांनाच अश्लील ठरविले गेले, आणि कर्व्यांची बाजू न्यायालयात डॉ. आंबेडकरांनी मांडली. एका एकहाती पत्राच्या संपादकाने दुसऱ्या एकहाती पत्राच्या संपादकाच्या वाचकाचा प्रश्न विचारण्याचा हक्क लढविला, असे या घटनेचे वर्णन करता येईल.

या तिन्ही उदाहरणांत समान सूत्र आढळते. प्रसिद्धीची निकड लेखनाला खालच्या पातळीवर आणीत नाही. ती लेखनाला त्याचे संबोधन मिळवून देते. चिपळूणकरांचा वाचक घडवावयाचा आहे, आंबेडकरांचा वाचक जागवावयाचा आहे, कर्व्यांचा वाचक बोलता करावयाचा आहे. तिघांच्याही लेखनाचा रूपबंध या उद्दिष्टांपासून वेगळा काढता येत नाही. आणि तिघेही ज्याला वाचक म्हणून संबोधितात तो मनुष्य आहे.

३

संकेतस्थळाने या व्यवहारात नेमका कोणता बदल केला? कागद, छपाई आणि टपाल या तीन खर्चांतून त्याने लेखकाला मोकळे केले, हा पहिला आणि निःसंशय स्वागतार्ह बदल. मराठीच्या बाबतीत याला आणखी एक बाजू आहे. युनिकोड प्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ सालीच झाला होता, परंतु पुढे बराच काळ मराठी मजकूर निरनिराळ्या परस्परविसंगत टंकांत लिहिला जात राहिला. असा मजकूर ज्याच्या संगणकावर तो टंक नसेल त्याला अक्षरांचा कचरा म्हणून दिसे, आणि शोधयंत्राच्या दृष्टीने तर तो मराठी नव्हेच. युनिकोडचा वापर रूढ झाल्यावर मराठी लेखन प्रथमच शोधण्याजोगे झाले.

शोधण्याजोगे होणे आणि शोधयंत्राच्या अधीन होणे यांतील अंतर मात्र थोडे आहे. एकहाती नियतकालिकाचा अंक वर्गणीदाराकडे जात असे; त्याचे नाव आणि पत्ता संपादकाच्या वहीत असे. संकेतस्थळाच्या पहिल्या काळात याला समांतर अशी एक व्यवस्था होती. वाचक आपल्या आवडीच्या संकेतस्थळांची यादी एखाद्या वाचनयंत्रणेत ठेवी आणि नवा लेख आला की तो त्याच्यापुढे येई. एक लेखक आपल्या पानावर दुसऱ्याच्या पानाचा दुवा देई. 'मराठी ब्लॉग विश्व'सारख्या उपक्रमांत अनेकांचे नवे लेखन एकत्र दिसे. गूगलची 'रीडर' ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आणि तोवर वाचक समाजमाध्यमांकडे वळलाही होता. वर्गणीदाराची वही लेखकाच्या हातून गेली. तिच्या जागी दोन मध्यस्थ आले : शोधयंत्र आणि समाजमाध्यमाचा प्रवाह.

हे मध्यस्थ जुन्या वितरकासारखे नाहीत. वितरक अंकातील मजकूर वाचत नसे. शोधयंत्र तो वाचते, आणि त्यावरून पानाचे स्थान ठरविते. यामुळे परिसंहितेची दिशाच बदलते. शीर्षकात कोणते शब्द असावेत, ते पहिल्या परिच्छेदात पुन्हा यावेत की नाही, उपशीर्षके प्रश्नार्थक असावीत काय, लेख किती दिवसांनी अद्ययावत करावा, हे सारे निर्णय अनोळखी यंत्राच्या अपेक्षेचा अंदाज बांधून घेतले जातात. संकेतस्थळाची प्रसिद्धी कशी करावी हे सांगणारे जे विपुल साहित्य उपलब्ध आहे, त्यातील सल्ला मुख्यतः याच स्वरूपाचा असतो. उंबरठा वाचकासाठी बांधला जातो असे दिसते. प्रत्यक्षात तो वाचकाला तेथवर आणणाऱ्या तिसऱ्यासाठी बांधला जातो. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर द्वितीयपुरुषी संबोधन तृतीयपुरुषाकडे वळते.

याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला आहे. काही वर्षे मी मराठी कादंबऱ्यांवर समीक्षालेख लिहिण्यासाठी एक संकेतस्थळ चालविले. आरंभी लेखांना वाचक जेमतेम होते. एका तरुण स्नेह्याच्या सल्ल्यावरून मी शीर्षके बदलली. एका कादंबरीतील निवेदकाच्या मौनाविषयी जो लेख होता, त्याचे शीर्षक त्या कादंबरीच्या नावापुढे 'कथानक, पात्रे व आशयसूत्रे' असे शब्द जोडून तयार केले. लेखाच्या प्रारंभी कथानकाचा सारांश घातला, मूळ युक्तिवाद खाली गेला. वाचकसंख्या झपाट्याने वाढली. कोणते शब्द टंकलिखित करून वाचक येतात हे त्या वेळी पाहता येत असे. पदव्युत्तर परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतील प्रश्न जसेच्या तसे तेथे आढळले. पुढच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत असताना, एका उत्तरपत्रिकेत आणि नंतर आणखी काही उत्तरपत्रिकांत, माझीच वाक्ये माझ्यासमोर आली. सारांशाची वाक्ये होती. निवेदकाच्या मौनाविषयीचे एकही वाक्य कोणी घेतले नव्हते, आणि कादंबरी वाचल्याची खूण तर कोठेच नव्हती. त्या उत्तरांना मी गुण दिले, कारण उत्तरे चूक नव्हती.

या विद्यार्थ्यांना दोष देणे सोपे आहे; परंतु त्यांनी माझ्या लेखाचे वाचन अगदी योग्य केले, असे मला वाटते. उंबरठ्यावर जे लिहिले होते तेच त्यांनी उचलले. शीर्षक बदलताना मी केवळ पाटी बदलली असे समजत होतो. प्रत्यक्षात मी लेखाचा अभिप्रेत वाचक बदलला होता, आणि त्याबरोबर लेखाचा प्रकारही. समीक्षा मार्गदर्शिका झाली होती.

आर्थिक बाजूनेही हेच घडते. संकेतस्थळावर जाहिराती दाखवून लेखकाला मोबदला देणारी गूगलची 'ॲडसेन्स' योजना २००३ मध्ये सुरू झाली. तीत हिंदीचा समावेश २०१४ च्या अखेरीस झाला, आणि मराठीला त्यानंतरही काही वर्षे थांबावे लागले. म्हणजे मराठी संकेतस्थळांचा सर्वांत बहराचा काळ हा निर्धनतेचा काळ होता. या उशिराची खंत पुष्कळांनी व्यक्त केली. मला मात्र असे वाटते, की उत्पन्नाची आशा नसल्याने त्या काळातील लेखन पाहुण्यांच्या संख्येपासून काही अंशी मुक्त राहिले. वर्गणीत वाचक लेखकाला पैसे देतो. जाहिरातीत तिसराच कोणी वाचकाच्या उपस्थितीचे पैसे देतो. पहिल्या व्यवहारात वाचकाच्या समाधानाला किंमत आहे, दुसऱ्यात त्याच्या येण्याला.

२०२४ पासून या प्रक्रियेने आणखी एक पाऊल टाकले आहे. शोधयंत्र काही भाषांत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर, अनेक पानांतील मजकुराचा सारांश करून, स्वतःच देऊ लागले. ज्या तृतीयपुरुषासाठी लेखकाने आपला उंबरठा पुन्हा बांधला, तो आता मध्यस्थ राहिला नाही. तोच वाचक झाला आणि तोच निवेदकही. सारांशासाठी लिहिलेल्या लेखाचा सारांश झाला की त्या लेखाकडे वळण्याचे वाचकाला प्रयोजन उरत नाही.

४

या विवेचनातून गतकाळाचे गौरवीकरण सूचित होत असेल तर ते टाळावयास हवे. वर्गणीदाराची वही ही समतेची वही नव्हती. ज्याला वर्गणी परवडे आणि ज्याच्या गावी टपाल नियमित पोहोचे त्याचेच नाव तीत असे. 'मूकनायका'च्या जाहिरातीला मिळालेला नकार हा त्याच जुन्या व्यवस्थेचा नकार होता. आज कोणाही लेखकाला पान उघडण्यास कोणी मनाई करू शकत नाही. 'शब्द', 'असो', 'वाचा', 'येरू' यांसारख्या अनियतकालिकांना जे चक्रमुद्रणाने, पदरमोड करून साधावे लागले, ते आज महाविद्यालयीन विद्यार्थ्याला सहज साधते. 'समाजस्वास्थ्य'चे जुने अंक आज वाचावयास मिळतात तेही संकेतस्थळावरच. तेव्हा माध्यमाच्या विरोधात येथे काही म्हणावयाचे नाही.

परंतु दोन नकारांतील भेद नोंदवावयास हवा. जुना नकार देणाऱ्याला नाव होते. 'केसरी'ने नकार दिला हे सांगता येत होते, त्याचा जाब विचारता येत होता, आणि तो इतिहासात नोंदविता आला. नवा नकार अनामिक आहे. पान अस्तित्वात असते, फक्त ते कोणाला दिसत नाही. आणि न दिसण्याचे कारण कोणी सांगत नाही. त्यामुळे लेखक ते कारण स्वतःच्या लेखनात शोधू लागतो आणि ते लेखन अंदाजाने दुरुस्त करू लागतो. नामधारी नकाराने 'बहिष्कृत भारता'चा ताठ गद्यकार घडविला. अनामिक नकार लेखकाला आज्ञाधारक बनवितो.

म्हणून स्वतंत्र लेखनाच्या संदर्भात प्रसिद्धीचे दोन प्रकार कल्पावेत. एक संबोधनात्मक : आपला वाचक कोण हे ठरवून, त्याला उद्देशून, त्याच्याशी काही संकेत जुळवीत केलेली. दुसरी स्थानलक्ष्यी : कोण येईल याची पर्वा न करता, यादीत वर दिसण्यासाठी केलेली. पहिली प्रसिद्धी संहितेचा भाग होऊ शकते. 'निबंधमाले'पासून आपल्याला तिची परंपरा आहे. दुसरी संहितेला आतून पोखरते. प्रत्यक्षात दोन्हींची सरमिसळ असते, आणि केवळ पहिलीवर संकेतस्थळ चालविणे कठीण आहे, हे मान्य करावयास हवे. तरीही समीक्षकाला भेद करता येतो. कोणत्याही लेखाच्या शीर्षकाला आणि पहिल्या परिच्छेदाला एवढेच विचारावे, की हे कोणाला उद्देशून लिहिले आहे.

लेखकाच्या बाजूने काही व्यावहारिक निष्कर्षही निघतात. ई-टपालाने लेख पाठविण्यासाठी वाचकांची स्वतःची यादी ठेवणे म्हणजे वर्गणीदाराची वही परत मिळविणे होय. यादी शंभर जणांची असली तरी ती लेखकाच्या हाती राहते. दुसऱ्याच्या चांगल्या लेखाचा दुवा देणे हा जुन्या नियतकालिकांतील 'पोच व अभिप्राय' या सदराचाच अवतार आहे. आणि जतनाचा प्रश्न तर सर्वांत निकडीचा. 'निबंधमाले'चे अंक ग्रंथालयांनी सांभाळले. याहूची 'जिओसिटीज' ही सेवा २००९ मध्ये बंद झाली तेव्हा असंख्य व्यक्तिगत पाने नाहीशी झाली. आणि वार्षिक शुल्क न भरल्यामुळे एखाद्या मराठी लेखकाचे संकेतस्थळ नाहीसे झाले तर त्याची नोंददेखील कोठे होत नाही. विद्यापीठांचे मराठी विभाग अनियतकालिकांच्या दुर्मीळ अंकांवर प्रबंध लिहवून घेतात. याच वृत्तीचे, आज लिहिल्या जाणाऱ्या आणि उद्या नष्ट होणाऱ्या लेखनाच्या प्रती ते आजच जतन करू शकतात. त्यासाठी हे लेखन अभ्यासविषय आहे असे प्रथम मानावे लागेल. पदोन्नतीच्या गणितात त्याला स्थान नसले तरी.

निवेदकाच्या मौनावरील त्या लेखाला मी त्याचे मूळ शीर्षक परत दिले आणि सारांश काढून टाकला. वाचकसंख्या पूर्वपदावर आली. त्यानंतरच्या वर्षभरात त्या लेखाविषयी तीन पत्रे आली. त्यांपैकी एक, माझा युक्तिवाद खोडून काढणारे, एका माध्यमिक शिक्षकाचे होते. निवेदकाचे मौन मी जेथे सुरू झाले म्हटले होते त्याच्या दोन प्रकरणे आधीच ते सुरू होते, हे त्यांनी कादंबरीतील स्थळे देऊन दाखविले होते. ते बरोबर होते. लेख मी पुन्हा लिहिला.